चिमूटभर कोळशात पंधरा गुंठे

कोविडची घरच्या घरी तपासणी करायची किट २०२१ मध्ये मेडिकलच्या दुकानांत मिळू लागली. पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या किटला त्या वर्षी मे महिन्यात आयसीएमआरने मान्यता दिली, मग इतरांचीही आली. नाकात काडी फिरवायची, नळीतल्या द्रावात ती घुसळायची, पट्टीवर दोन थेंब सोडायचे आणि पंधरा मिनिटं जीव मुठीत धरून बसायचं. 'सी'पाशी लाल रेघ उमटली की किट ठीक आहे, 'टी'पाशीही उमटली की खोलीचं दार बंद. त्या धास्तीत कुणी फारसा विचार केला नसेल, पण अशा बहुतेक पट्ट्यांवरची ती लाल रेघ सोन्याची असते. शुद्ध सोनं, सराफाकडे मिळतं तेच. फक्त एकेक कण ४० नॅनोमीटरच्या आसपास. गर्भधारणा तपासायच्या अनेक पट्ट्यांतही हेच सोनं असतं. ते इतकं थोडं असतं, की वापरलेल्या पट्ट्या गोळा करून श्रीमंत व्हायचा बेत कुणी करू नये.

सोनं पिवळं, रेघ लाल. हे कसं काय, याचा माग काढत गेलं की नॅनोपदार्थांच्या सगळ्या संशोधनाचं मर्म हाती लागतं. तपासणीची पट्टी, भाजल्यावर लावायचं मलम आणि वीज साठवणारा कोळसा या तीन गोष्टी एका लेखात यायचं वरवर काही कारण दिसत नाही. कारण आहे, आणि ते तिन्ही ठिकाणी एकच आहे.

आधी मापाचा अंदाज घेऊ. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग, असं म्हटल्याने कुणाच्याच डोळ्यांसमोर काही उभं राहत नाही. आपल्या हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. हिशेब केला तर दर सेकंदाला एक नॅनोमीटर. हे वाक्य वाचेपर्यंत तुमची नखं पाच-सात नॅनोमीटरने वाढली. डीएनएच्या पिळाची रुंदी २ नॅनोमीटर, रक्तातली तांबडी पेशी सात-आठ हजार नॅनोमीटरची. आपलं ४० नॅनोमीटरचं सोनं या दोहोंच्या मध्ये, विषाणूंच्या मापाच्या जवळपास येतं. शोधायचा विषाणू आणि शोधणारा कण एकाच उंचीचे असणं ही मोठी सोय आहे.

लाल सोन्याकडे पहिल्यांदा शास्त्रज्ञाच्या नजरेने पाहिलं ते मायकेल फॅरडेने. १८५७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याने सोनं आणि प्रकाश यांच्या नात्यावर व्याख्यान दिलं. सोन्याच्या क्षारावर फॉस्फरसची प्रक्रिया करून त्याने माणकासारखा लाल द्राव बनवला होता. दिसायला एकदम स्वच्छ, सूक्ष्मदर्शकातूनही आत काही दिसेना. पण त्यातून प्रकाशाचा झोत सोडला की झोताची वाट उजळून दिसायची. म्हणजे आत काहीतरी तरंगत होतं आणि प्रकाश विखरत होतं. हे सोनंच आहे आणि त्याचे कण आपल्या साधनांना दिसण्यापलीकडे बारीक आहेत, हा निष्कर्ष त्याने तेवढ्यावरून काढला. त्या काळी अणू खरोखर असतात का यावरच वाद चालू होता, हे लक्षात घेतलं म्हणजे या माणसाच्या डोक्याचं कौतुक किती करावं ते कळत नाही. फॅरडेच्या त्या द्रावाच्या बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून जपून ठेवलेल्या आहेत.

आज हा द्राव कॉलेजच्या प्रयोगशाळेतही बनतो. १९५१ साली जॉन टर्केविचने सांगितलेली पद्धत बहुतेक ठिकाणी वापरतात. गोल्ड क्लोराइडचं फिकट पिवळं पाणी उकळत ठेवायचं आणि त्यात सोडियम सायट्रेट ओतायचं. सायट्रेट म्हणजे लिंबातल्या आम्लाचा क्षार. आधी पिवळेपणा जातो आणि पाणी बिनरंगी होतं. वाटतं, फसलं. मग ते करडं होतं, मग काळपट निळं, शाई सांडल्यासारखं. तेही क्षणभर टिकतं, जांभळ्यावर जातं, आणि काही मिनिटांत बीकरमध्ये कोकमाच्या सरबताचा लाल रंग उभा राहतो. वीस नॅनोमीटरच्या आसपासचे कोट्यवधी कण त्यात तरंगत असतात. मग एका परीक्षानळीत थोडा द्राव घेऊन त्यात मिठाच्या पाण्याचा थेंब टाकायचा. लाल रंग डोळ्यांदेखत निळा होतो. फॅरडेनेही हे पाहून ठेवलं होतं.

यात रसायन कुठे बदललं? कुठेच नाही. सोनं आधीही सोनं आणि नंतरही. धातूमध्ये काही इलेक्ट्रॉन मोकळे असतात, कुठल्याही एका अणूचे बांधलेले नसतात. प्रकाश म्हणजे विद्युत-चुंबकीय लाट. ती अशा इवल्याशा कणावर येते, तेव्हा त्यातले सगळे मोकळे इलेक्ट्रॉन एकदम एका बाजूला सरतात, पृष्ठभागाशी अडतात, परत फिरतात. या ये-जा करण्याचा एक ठरावीक ठेका असतो आणि २० नॅनोमीटरच्या सोन्यात तो हिरव्या प्रकाशाच्या, म्हणजे ५२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासच्या ठेक्याशी जुळतो. हिरवा प्रकाश कण गिळतात, उरलेला आपल्यापर्यंत येतो तो लाल. आता मिठाचं. सायट्रेटमुळे प्रत्येक कणावर ऋण भार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर लोटतात. मीठ हा भार झाकून टाकतं. कण एकमेकांना चिकटतात, शेजाऱ्यांचे इलेक्ट्रॉन एकमेकांच्या हालचालीत सामील होतात आणि ठेका बदलतो. आता तांबूस-पिवळा प्रकाश गिळला जातो आणि द्राव निळा दिसतो.

रंग पदार्थावर ठरतो, असं आपण शाळेत शिकलो. इथे तो कणाच्या मापावर आणि शेजारी किती जवळ आहे यावर ठरतो. आणि दोन कण जवळ आल्याची खबर रंगातून कळत असेल, तर त्यांना जवळ आणणारी गोष्ट शोधता येईल! १९९६ साली अमेरिकेत चॅड मिर्किन आणि सहकाऱ्यांनी सोन्याच्या कणांना डीएनएचे तुकडे जोडले. या तुकड्यांना जुळणारा डीएनए द्रावात आला की कण एकत्र येतात आणि रंग पालटतो. यंत्र नको, वीज नको, डोळे पुरे.

घरच्या किटमध्ये याहून साधी युक्ती आहे. सोन्याच्या कणांवर विषाणूच्या प्रथिनाला धरणारी प्रतिपिंडं चिकटवून ते पट्टीच्या सुरुवातीला वाळवून ठेवलेले असतात. थेंब पडला की ते भिजतात, विषाणूचे तुकडे असतील तर त्यांना धरतात आणि द्रावाबरोबर पट्टीवरून पुढे सरकतात. 'टी'पाशी दुसऱ्या प्रतिपिंडांची आडवी रांग दबा धरून बसलेली असते. तुकडा घेऊन आलेला कण तिथे अडकतो, रिकामा कण पुढे निघून जातो आणि 'सी'पाशी पकडला जातो. सोन्याचा एक कण रंगाच्या हजारो रेणूंइतका प्रकाश गिळतो, म्हणूनच एवढ्याशा ऐवजाची रेघ नुसत्या डोळ्यांना दिसते. आरटीपीसीआर विषाणूच्या जनुकाच्या प्रती काढून काढून वाढवते, ही पट्टी काही वाढवत नाही, आहे तेवढंच दाखवते. त्यामुळे विषाणू थोडा असला की ती चुकते.

इथे कुणीतरी सुवर्णभस्माची आठवण काढणारच. ती रास्तही आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली सुवर्णभस्मात नॅनोमापाचे सोन्याचे कण सापडले आहेत. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये चौथ्या शतकातला लायकर्गस नावाचा रोमन प्याला आहे. समोरून उजेड पडला की तो हिरवट दिसतो आणि आतून उजेड आला की लाल. त्याच्याही काचेत सोन्या-चांदीचे असेच कण आहेत. वैद्याच्या आणि काचकाराच्या हातात कृती पक्की होती आणि ती थोर होती. पण कणाचं माप किती, ते बदललं तर काय होईल, चाळीस हवेत तर चाळीसच कसे मिळतील, हे त्यांना विचारता येत नव्हतं, कारण मोजताच येत नव्हतं. आमच्याकडे हे सगळं आधीच होतं, या वाक्यात माझ्या मते हा फरक गिळून टाकला जातो.

आता त्या एका कारणाकडे येऊ. खडीसाखर दुधात विरघळायला वेळ लागतो आणि पिठीसाखर टाकताच नाहीशी होते, कारण दुधाला भिडणारा भाग वाढलेला असतो. हीच गोष्ट शेवटाला नेली तर काय होतं पाहा. सोन्याचा एक सेंटिमीटरचा ठोकळा घ्या. वजन १९ ग्रॅमच्या थोडं वर, आजच्या दहा ग्रॅमच्या तोळ्याने दोन तोळ्यांना जरा कमी. सहा बाजू मिळून त्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. आता मनातल्या मनात त्याचे एक-एक नॅनोमीटरचे ठोकळे कापा आणि सगळ्यांच्या बाजू मोजा. बेरीज येते ६,००० चौरस मीटर. एकोणसाठ गुंठे, म्हणजे जवळजवळ दीड एकर! सोनं वाढलं नाही, गुंजभरही नाही. वाढली ती फक्त बाहेरची बाजू.

आणि बाहेरच्या बाजूचे अणू आतल्यांसारखे नसतात. आतल्या अणूला चहूकडून शेजारी असतात, त्याच्या सगळ्या जोडण्या गुंतलेल्या असतात. कडेच्या अणूची एक बाजू मोकळी असते. तो जे समोर येईल त्याला धरू पाहतो. ३० नॅनोमीटरच्या कणात असे कडेचे अणू शेकडा पाच असतात, ३ नॅनोमीटरच्या कणात जवळपास निम्मे. अशा कणाला सोनं म्हणावं की सोन्याचा नुसता पृष्ठभाग म्हणावं, असा प्रश्न पडतो. सोनं १,०६४ अंश सेल्सिअसला वितळतं असं पुस्तकात असतं. दोन-तीन नॅनोमीटरचे कण त्याच्या कितीतरी शे अंश खालीच वितळतात, कारण निम्म्या अणूंना धरून ठेवणारं पुरेसं कुणी नसतं.

याचा एक सुंदर पुरावा पुण्यात मिळाला. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे पाषाण रस्त्यावरच्या आपल्या एनसीएलमध्ये, मुरली शास्त्री आणि त्यांचे सहकारी बुरशी आणि वनस्पतींकडून धातूचे कण बनवून घेत होते. त्यांनी गवती चहाची पानं उकळून त्याचा अर्क गोल्ड क्लोराइडमध्ये घातला. २००४ साली 'नेचर मटेरियल्स'मध्ये त्याचा निबंध आला. द्रावात सोन्याचे पातळ, चपटे त्रिकोण तयार झाले होते. धारदार कोपऱ्यांचे, भूमितीच्या वहीत काढावेत तसे. आधी गोल कण तयार होतात, त्यांचा पृष्ठभाग द्रवासारखा वागतो आणि ते साध्या खोलीच्या तापमानाला एकमेकांत मिसळून त्रिकोण बनतो, असा त्यांचा उलगडा होता. हे त्रिकोण अवरक्त प्रकाश शोषतात. तो प्रकाश मांसातून बराच आत जातो, त्यामुळे कर्कपेशींपाशी असे त्रिकोण पोचवून बाहेरून प्रकाश सोडायचा आणि तेवढीच जागा तापवायची, ही कल्पना त्यातून पुढे येते. पावसाळ्यात चहात घालायच्या पात्यांनी सोन्याला कोपरे पाडावेत, हे मला अजूनही पुरतं पचलेलं नाही.

चांदीची कथा वेगळी आहे, कारण तिथे पृष्ठभागाचं काम धरणं नसून सोडणं आहे. चांदी जंतूंना मारते हे जुनंच. १८८१ साली जर्मनीत कार्ल क्रेडेने नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घालायला सांगितलं आणि आंधळेपणाच्या कितीतरी केसेस टळल्या. १९६८ साली चार्ल्स फॉक्सने भाजलेल्या जखमांसाठी सिल्व्हर सल्फाडायझिन आणलं. बर्न वॉर्डात भाजलेल्या अंगावर लावतात ते पांढरं मलम हेच. जंतूला मारतो तो चांदीचा आयन. तो प्रथिनांमधल्या गंधकाला घट्ट धरतो आणि जंतूचं आवरण, श्वसनाची साखळी सगळंच बिघडवतो. पण शरीरातल्या पाण्यात क्लोराइड भरपूर असतं आणि ते चांदीच्या आयनाला धरून तिथल्या तिथे बसवून टाकतं. म्हणजे एकदम पुष्कळ चांदी ओतली तरी थोड्या वेळात कामाची थोडीच उरते, की परत जखम उघडा, पुसा, लावा. ज्याने भाजलेल्या माणसाचं ड्रेसिंग बदलताना पाहिलं आहे त्याला याचा अर्थ सांगायला नको.

नॅनोचांदी इथे कामाला येते. धातूचे बारीक कण मोठ्या पृष्ठभागावरून सावकाश आयन सोडत राहतात, जखमेपाशी चांदीचा रतीब चालू राहतो. कॅनडात रॉबर्ट बरेल यांनी नव्वदच्या दशकात अशा नॅनोस्फटिकांचा थर दिलेली पट्टी बनवली आणि ती काही दिवस न बदलता ठेवता येऊ लागली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत किशोर पाकणीकर आणि सहकाऱ्यांनी ७ ते २० नॅनोमीटरच्या चांदीचं जेल तयार केलं. त्यांच्या २००९ च्या निबंधात या जेलची जंतू मारण्याची ताकद सिल्व्हर सल्फाडायझिनच्या तोडीची भरली, आणि चांदी मात्र तिसाव्या हिश्शाने. बारीक केल्याने काय साधतं, त्याचं याहून रोकडं उत्तर मला माहीत नाही.

मारतो कोण, कण की आयन, यावर बरीच वर्षं वाद होता. २०१२ साली अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात त्याची झकास झडती घेतली गेली. चांदीच्या कणातून आयन सुटायला प्राणवायू लागतो. म्हणून त्यांनी प्राणवायू अजिबात नसलेल्या पेटीत जंतू आणि नॅनोचांदी एकत्र ठेवली. जंतू खुशाल जगले. कण तसे निरुपद्रवी निघाले, ते नुसते आयनांचं कोठार.

आता चांदीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जो आयन जंतूला मारतो तो त्वचेच्या नव्या पेशींनाही फार मानवत नाही. चांदीच्या पट्ट्यांनी जखम लवकर भरते का, याच्या चाचण्या कोक्रेन गटाने २०१० साली एकत्र तपासल्या तेव्हा पुरावा पुरेसा नाही असंच म्हणावं लागलं. जंतू मारणं आणि जखम भरणं या दोन गोष्टी आहेत. आणि चांदीचं पाणी पिऊन सर्व रोग बरे करणारे महाभाग इंटरनेटवर भेटतात, त्यांच्या नादी लागून त्वचा कायमची निळसर-करडी झालेली माणसं आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९९ सालीच अशा विक्रीला सुरक्षित किंवा परिणामकारक मानायला नकार दिला होता.

जखमेच्या बाबतीत मला चांदीपेक्षाही जास्त चकित केलं ते वाळूने. म्हणजे सिलिकाने, वाळूतलं मुख्य द्रव्य तेच. पॅरिसमध्ये लुडविक लिबलर यांच्या गटाने २०१३ च्या डिसेंबरात 'नेचर'मध्ये एक प्रयोग मांडला. वासराच्या यकृताचे दोन तुकडे घेतले. ओले, बुळबुळीत, हातातून निसटणारे. एकाच्या कापलेल्या बाजूवर सिलिकाच्या नॅनोकणांचं पाणी पसरलं, दुसरा त्याला लावला आणि अर्धा मिनिट दाबून धरला. तुकडे चिकटले. डिंक नाही, शिवण नाही, कुठली रासायनिक प्रक्रिया नाही. मांस म्हणजे पाण्याने फुगलेली लांब रेणूंची जाळी. कण दोन्हीकडच्या रेणूंना एकाच वेळी धरतो. एकेक पकड क्षीण, पण असे कण अगणित असतात, आणि ताण आला की एका रेणूला सोडून ते दुसऱ्याला धरतात, त्यामुळे जोड फाटत नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी उंदरांच्या त्वचेवरची जखम अशीच मिटवली आणि यकृताचा रक्तस्राव थांबवला. हाच द्राव प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं भलत्याच कामांसाठी पडून असायचा.

आता कोळसा. करवंट्यांचा कोळसा करून तो फार मोठ्या तापमानाला वाफेने पोखरला की सक्रिय कार्बन मिळतो, पाण्याच्या फिल्टरमध्ये असतो तो. कोकणात आणि गोव्यात परसात ढीग पडतो त्या करवंटीला जगभर मागणी आहे, आणि वीज साठवणाऱ्या सुपरकपॅसिटरसाठी लागणारा उत्तम कार्बन तिच्यापासूनच करतात. अशा एक ग्रॅम कार्बनच्या आतल्या भोकांचा पृष्ठभाग १,५०० चौरस मीटर भरतो. पंधरा गुंठे, चिमटीत.

एवढ्या जागेत वीज कशी ठेवायची? घरातल्या पंख्याचा कंडेन्सर आठवा, पंखा हळू फिरायला लागला की इलेक्ट्रिशियन बदलतो तो. त्यावर २.५ मायक्रोफॅरड असं लिहिलेलं असतं. त्यात धातूचे दोन थर आणि मध्ये काही मायक्रोमीटर जाडीचं प्लॅस्टिक असतं. थरांचं क्षेत्रफळ जितकं जास्त आणि मधलं अंतर जितकं कमी, तितका भार जास्त मावतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८५३ साली दाखवलं की भारित पृष्ठभाग क्षारांच्या द्रावात बुडवला की द्रावातले उलट भाराचे आयन आपसूक त्याला येऊन भिडतात. दोन थर तयार, मधलं अंतर एका नॅनोमीटरच्याही आत. क्षेत्रफळ पंधरा गुंठे आणि अंतर नॅनोमीटरहून कमी, असा गुणाकार केला की एका ग्रॅम कार्बनमागे शंभर फॅरडच्या घरात जाता येतं. पंख्याच्या हिशेबात चार कोटी कंडेन्सर! विद्युतदाब मात्र पावणेतीन व्होल्टच्या आसपासच ठेवावा लागतो, नाहीतर द्राव फुटतो, त्यामुळे साठलेल्या ऊर्जेचा फरक इतका अचाट राहत नाही. तरी पण.

भोकं फार बारीक करण्यात अर्थ नाही, अशी एक ठाम समजूत होती. द्रावातला आयन द्रावकाचे रेणू अंगाभोवती गुंडाळून हिंडतो. नेहमीच्या वापरातल्या एका आयनाची सुटी जाडी ०.६८ नॅनोमीटर, हे कवच धरून १.३. एक नॅनोमीटरच्या भोकात तो शिरणार कसा? २००६ साली युरी गोगोत्सी, पॅट्रिस सिमोन आणि सहकाऱ्यांनी मोजून पाहिलं तर उलटंच. भोकं एक नॅनोमीटरच्या खाली गेली की साठवण वाढत होती. आयन दारातच कवच उतरवून आत शिरत होता, आणि कवच गेल्याने भिंतीला आणखी जवळ भिडत होता. त्याच वर्षी शांघायमध्ये सुपरकपॅसिटरवरच्या बस धावू लागल्या. उतारू चढेपर्यंत थांब्यावर चार्ज, पुढच्या थांब्यापर्यंत धाव. त्यांना दम कमी असतो, एवढीच खोट. लिथियम-आयन बॅटरीत किलोमागे १५० ते २५० वॉट-तास मावतात, बाजारातल्या सुपरकपॅसिटरमध्ये पाच ते दहा. पण बॅटरी काही हजार वेळा चार्ज झाली की थकते आणि हे गडी दहा लाख वेळांपर्यंत टिकतात, कारण आत काही मोडत-जोडत नाही, आयन येतात आणि जातात.

बॅटरीतही नॅनोने हात घातला आहे. सिलिकॉनमध्ये लिथियम ग्रॅफाइटच्या जवळपास दहापट मावतं, पण ते भरताना सिलिकॉन फुगून तिप्पट-चौपट होतं आणि भेगाळून भुगा होतो. १५० नॅनोमीटरच्या आतला कण मात्र फुगतो आणि न फुटता परत आकसतो. स्टॅनफर्डच्या यी चुई यांच्या गटाने २००८ साली सिलिकॉनच्या नॅनोतारा वापरून याची वाट दाखवली. पण इथे पृष्ठभाग आपलं भाडंही वसूल करतो. जितका तो जास्त तितकी बॅटरीतल्या द्रावाशी नको ती प्रक्रिया जास्त, आणि तेवढं लिथियम वाया.

ही सगळी कामं कोट्यवधींच्या यंत्रांनीच होतात, असं मात्र नाही. कोल्हापुरात चंद्रकांत लोखंडे यांनी, आधी शिवाजी विद्यापीठात आणि नंतर डी. वाय. पाटील विद्यापीठात, अनेक वर्षं जी पद्धत राबवली ती चार बीकरांची आहे. पहिल्यात एका धातूचे आयन, दुसऱ्यात शुद्ध पाणी, तिसऱ्यात ज्याच्याशी संयोग व्हायचा तो घटक, चौथ्यात पुन्हा पाणी. ज्यावर थर हवा ती पट्टी पहिल्यात बुडवायची, दुसऱ्यात धुवायची, तिसऱ्यात बुडवायची, चौथ्यात धुवायची, की एक अतिपातळ थर. पुन्हा पहिल्यापासून, असं किती वेळा करायचं त्यावर थराची जाडी. ना निर्वात पोकळी, ना भट्टी. सुपरकपॅसिटरसाठी लागणारे मँगनीज ऑक्साइडसारखे थर अशा रासायनिक पद्धतींनी बसवता येतात आणि त्यावर जगभर उद्धृत होणारे निबंध निघतात.

निबंध वाचताना मात्र एक पथ्य पाळावं. ग्रॅममागे अमुक फॅरड हा आकडा बहुधा पट्टीवरच्या मिलिग्रॅमभर थराचा असतो. त्यात पट्टीचं, द्रावाचं, डब्याचं वजन धरलेलं नसतं. याच गोगोत्सी आणि सिमोन यांनी २०११ साली 'सायन्स'मध्ये सहकारी संशोधकांना यावरून जाहीर कानपिचक्या दिल्या होत्या. वर्तमानपत्रांतल्या 'पाच मिनिटांत गाडी चार्ज'च्या बातम्या अजून थांबलेल्या नाहीत.

ओळखणं, भरून आणणं आणि वीज पुरवणं ही तिन्ही कामं एकाच जागी लागतात ती जुनाट जखमेवरच्या पट्टीत. मधुमेह्याच्या पायाची जखम आठवडेच्या आठवडे भरत नाही आणि बाहेरून बघून आत काय चाललंय ते कळत नाही. २०२२ च्या अखेरीस स्टॅनफर्डमध्ये झेनान बाओ यांच्या गटाने अशा जखमेसाठी एक पट्टी दाखवली. तिचं सर्किट जेमतेम १०० मायक्रोमीटर जाड. ती जखमेचं तापमान आणि विद्युतरोध मोजत राहते, लागेल तेव्हा विजेचा हलका स्पर्श देऊन पेशींना कामाला लावते, आणि काढायच्या वेळी ४० अंशांपर्यंत गरम केली की कातडी न ओढता सुटते. उंदरांच्या जखमा सुमारे २५ टक्के लवकर भरल्या. विजेचं काम मात्र त्यांनी पट्टीबाहेर ठेवलं, वीज अँटेनाने बिनतारी पोचवावी लागते. प्रयोगशाळेच्या पिंजऱ्यात हे चालतं, शेतात किंवा लोकलमध्ये नाही. त्या जाडीत मावेल, वाकेल, रक्ता-पुवाने खराब होणार नाही असं काही तिथेच हवं. कार्बनचा सुपरकपॅसिटर पातळ होतो, छापताही येतो, पण त्यातला भार बॅटरीपेक्षा लवकर आपोआप झिरपून जातो, आणि जखमेवरची पट्टी दिवसचे दिवस जागी राहायला हवी असते.